टिटवीचं बिऱ्हाड

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं शहाणी माणसं म्हणतात. त्यांनी कधी घर भाड्यानं देऊन पाहिलेलं नसणार. घर आपलं, कर आपण भरायचा, गळकी पन्हळ आपण दुरुस्त करायची, आणि आत पाऊल टाकायचं म्हटलं तर सात दिवस आधी लेखी नोटीस! आमच्या व्हिक्टोरिया राज्याचा कायदाच तसा आहे. ज्या न्हाणीघरात माझ्या आईनं माझ्या डोळ्यांत साबण घालून मला वाढवलं, त्याच न्हाणीघराचं दार उघडायला मला आज परवानगी लागते. बरं, कायदा चांगला आहे, माझी तक्रार नाही. मी स्वतः सरकारी माणूस. वजनमापं खात्यात उभी हयात काढली. मिरनूक गावातल्या प्रत्येक खाटकाचा तराजू आणि प्रत्येक पेट्रोलपंप माझ्या हाताखालून गेलेला आहे. माझं तत्त्व एकच, मोजलं नाही ते घडलंच नाही.

आणि नेमकं तेच मी आईच्या घराच्या बाबतीत विसरलो होतो. मागच्या भाडेकरूनं दिवाणखान्यात मोटरसायकल खोलून ठेवली आणि गालिचाला इतकं तेल पाजलं की तो निसरडा झाला. आम्ही न्यायाधिकरणात गेलो. तिथल्या बाईंनी चष्मा वर करून विचारलं, "गालिचा आधी कसा होता याचा पुरावा?"

"माझ्या आईचा गालिचा होता तो!" मी म्हणालो.

"आईचा पुरावा चालत नाही," बाई म्हणाल्या, आणि आमचा निकाल लागला.

घरी येताना गाडीत ग्लेनिस, म्हणजे माझी बायको, एक अक्षर बोलली नाही. बायको बोलत असते तोवर संसार सुरक्षित असतो. दारात गाडी थांबल्यावर ती म्हणाली, "क्लाइव्ह, एक संधी. आणखी एक भाडेकरू. त्यानंही घराची वाट लावली तर ते घर मर्व्हला विकायचं आणि कॅरॅव्हॅन घ्यायची. माझ्या सगळ्या मैत्रिणी देश फिरून आल्या. मी काय बघितलं? पेट्रोलपंप!" मी शब्द दिला.

मर्व्ह टकवेल हा आईच्या घराचा शेजारी. त्याच्याकडे एक बोट आहे. मिरनूकपासून समुद्र चांगला लांब आहे, पण ते असो. ती बोट उभी करायला त्याला जागा हवी होती आणि ती जागा म्हणजे माझं बालपण. मी भिंतीला रंग देत असलो तरी कुंपणावरून हाक यायची, "विकून टाक, लेका!" नळ बदलत असलो तरी, "विकून टाक!" मर्व्हचं दुसरं वेड म्हणजे त्याचं लॉन. ते तो आठवड्यातून दोनदा कापायचा आणि कडा गुडघे टेकून कात्रीनं सारख्या करायचा. चर्चमध्ये त्याला गुडघे टेकताना कुणी पाहिलं नव्हतं.

तर नवी भाडेकरीण आली. लितिया. मूळची फिजीची, इथल्या वृद्धाश्रमात परिचारिका. अंगानं भरभक्कम, आवाज त्याहून भक्कम. आता मी जय्यत तयारी केली. घर ताब्यात देण्याआधी कोपरान् कोपऱ्याचा फोटो! आणि सल्ला द्यायला गाव होतंच. मर्व्ह म्हणाला, "ओव्हन बघ. भाडेकरू कसा आहे ते ओव्हन सांगतं. बाकी सगळं नाटक." पोस्टातल्या बाई म्हणाल्या, "नुसत्या फोटोला कोण विचारतो? प्रत्येक फोटोत त्या दिवशीचं वर्तमानपत्र धरा, म्हणजे तारीख सिद्ध होते." ओलीस ठेवलेल्या माणसाचा फोटो तसा काढतात हे मला नंतर कळलं. पण मी काढले. ओव्हन आणि वर्तमानपत्र. शौचकूप आणि वर्तमानपत्र. आईचं लिंबाचं झाड आणि वर्तमानपत्र. टबाच्या नळाखालचा सांधा नीट दिसेना म्हणून मी कपड्यांनिशी टबात आडवा झालो, छातीवर वर्तमानपत्र ठेवलं, आणि त्याच क्षणी लितिया किल्ली घ्यायला आली.

तिनं दारातूनच मथळा वाचला. मग म्हणाली, "चालू द्या, मिस्टर डनस्टन. वाचून झालं की किल्ली द्या."

वर त्या बाईनं घराच्या स्थितीच्या माझ्या अहवालात भर घातली. मी सगळीकडे 'उत्तम स्थिती' लिहिलं होतं, तर हिनं खाली लिहिलं, 'स्वयंपाकघरातला नळ ठिबकतो.' नळ ठिबकतो! तो माझ्या लहानपणापासून ठिबकतोय, पण असं कागदावर आणायचं का? तो मी मुकाट्यानं बदलला. कुंपणापलीकडून आवाज आला, "विकून टाक, लेका!"

ऑक्टोबर, म्हणजे आमच्याकडचा वसंत, उजाडेपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग एके दिवशी मर्व्हचा फोन. "क्लाइव्ह, तुझ्या भाडेकरणीनं जंगल वाढवलंय. बघवत नाही. माझ्या लॉनला वाईट संगत लागेल."

मी धावलो. खरंच, पुढच्या अंगणात गवत माजलं होतं. आज अंगण, उद्या गालिचा! घर हातचं जाणार आणि मी कॅरॅव्हॅनमध्ये ग्लेनिसशेजारी बसून वाळवंट बघत फिरणार. पण ह्या वेळी मी गाफील नव्हतो. आत जायला नोटीस लागते, फूटपाथवर उभं राहायला लागत नाही. फूटपाथ सर्वांचा आहे. मी खात्यातली जुनी पितळी फूटपट्टी आणली, कुंपणाच्या फळ्यांतून हात घालून ती गवतात खोचली आणि फोटो काढला. दर शनिवारी. त्याच जागी, त्याच कोनातून. शास्त्रशुद्ध काम.

एक म्हातारी रोज कुत्र्याला घेऊन तिथून जायची. तिनं मला फळ्यांत खांद्यापर्यंत अडकलेला बघितलं आणि विचारलं, "काही हरवलंय का हो?"

"पुरावा गोळा करतोय," मी म्हणालो.

"सापडेल, सापडेल," ती म्हणाली. "माझा चष्मा फ्रिजमध्ये सापडला."

मर्व्हला ह्या कामाचं फार कौतुक. "मला पाठव ना ते फोटो. अभ्यासू माणसाचं काम बघायला बरं वाटतं." आता कौतुक कुणाला नको असतं? ग्लेनिसनं फोटोंकडे बघून फक्त "बरं" म्हटलं होतं. मी सगळे फोटो मर्व्हला पाठवले, वर उंचीचा आलेखही पाठवला. आपल्या पायावर धोंडा पाडायचा तर तो असा मोजूनमापून पाडावा.

मग लितियाला रीतसर लेखी नोटीस धाडली, गवत कापा. दुसऱ्याच दिवशी तिचा फोन.

"मिस्टर डनस्टन, गवत नाही कापता येत. टिटवीनं अंडी घातलीत."

मी हसलो. उभ्या हयातीत मी सबबी ऐकल्यात. एका खाटकानं तर काटा चुकतो तो पौर्णिमेमुळे असं मला शपथेवर सांगितलं होतं. "अहो बाई," मी म्हणालो, "टिटवीला सांगा, घरमालक येतोय."

"सांगते. पण टोपी घालून या."

मी टोपी घातली. त्या टोपीचं पुढं काय झालं ते कुणालाच माहीत नाही. फाटक उघडून मी दोन पावलं टाकली असतील नसतील, तोच गवतातून एक किंकाळी उठली आणि पिवळ्या तोंडाचं काहीतरी सरळ माझ्या नाकावर आलं. आमच्याकडच्या टिटवीच्या पंखाला काटा असतो आणि तो शोभेचा नसतो. मी फाटकाकडे पळालो, तर नवरा तिकडून आला. टिटवीचा नवरा. ह्या पक्ष्यांत बायको एकटी भांडत नाही. मी गुडघ्यांवर, मग कोपरांवर, मग पोटावर असा रांगत फूटपाथला लागलो. मान वर केली तर समोर तीच म्हातारी.

"सापडला का?" तिनं विचारलं.

कुंपणापलीकडे मर्व्ह हसून हसून लॉनवर बसला होता. "विक... विकून..." त्याला पुढं बोलवेना.

घरी ग्लेनिसनं कपाळाला औषध लावलं आणि आइस्क्रीमची मोठी बादली रिकामी केली. वसंत ऋतूत आमच्या गावात अर्धे लोक डोक्यावर आइस्क्रीमची बादली घालून फिरतात, पोस्टमनसुद्धा. मागच्या बाजूला दोन डोळे रंगवायचे, म्हणजे पक्ष्याला वाटतं माणूस बघतोय. ग्लेनिसनं डोळे काढले, वर पापण्या काढल्या, आणि मला तिरळं केलं. "तुझ्याशी साम्य पाहिजे ना," म्हणाली.

इथवर ठीक होतं. मग कौन्सिलची, म्हणजे आमच्या नगरपालिकेची, नोटीस आली. वणव्याचा मोसम तोंडावर आहे, गवत धोकादायक उंचीचं आहे, मंगळवारपर्यंत कापा, नाहीतर कौन्सिलचं मशीन येऊन कापेल आणि खर्च मालकाकडून वसूल होईल. मालक म्हणजे मी! भाडेकरीण नव्हे. सोबत पुरावा जोडला होता. फोटो. खरं सांगतो, फोटो बघून पहिल्यांदा माझा ऊर भरून आला. काय स्पष्टता, काय कोन, फूटपट्टीवरचा एकेक आकडा वाचता येत होता! मग लक्षात आलं की हे आपलेच.

मी मर्व्हला फोन लावला. "अरे गद्दारा!"

"मी काय केलं?" मर्व्ह म्हणाला. "फोटो तुझे, गवत तुझं. मी नुसतं टपाल पोचवलं. आणि ऐक, ग्लेनिसला सांग, मी किंमत वाढवून द्यायला तयार आहे. इतकी कटकट कशाला? विकून टाक!"

आता बघा पंचाईत. गवत कापावं तर टिटवीचं घरटं उद्ध्वस्त होणार, आणि तो वन्यजीव कायद्यानं गुन्हा. न कापावं तर कौन्सिल कापणार. कौन्सिलला फोन केला, तर बराच वेळ बासरी ऐकवून त्यांनी विचारलं, घरटं आधीपासून होतं याचा पुरावा आहे का? पुन्हा पुरावा! इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे ग्लेनिस कॅरॅव्हॅनची रंगीत पुस्तिका उघडून बसलेली.

"मंगळवारी मी येणार आहे," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांनी बघणार. बाहेर जंगल असेल तर आत काय असेल! क्लाइव्ह, तू शब्द दिला होतास."

दिला होता. शब्द दिलेल्या माणसाचं तोंड कसं होतं ते आरशात बघून आलो.

सोमवारी संध्याकाळी दार वाजलं. लितिया. हातात नारळाच्या दुधात शिजवलेल्या अळूच्या पानांचं भांडं, आणि डोळे लाल. नेहमीचा तो भक्कम आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

"तुम्ही घर विकताय असं मर्व्ह म्हणाले. मी घरासाठी किती दारं झिजवलीत माहिताय? एकेका घरापुढं रांग लागते. माझं नाव वाचलं की जागा भरलेली असते. तुम्ही टबात झोपला होतात तरी मी म्हटलं, हे घर बरंय. मी गवत कापलं असतं, मिस्टर डनस्टन. वेळ नसतो म्हणून नाही राहिलं ते. पण कसं कापू? ती अंड्यांवर बसलीय, हलत नाही. रात्रपाळीहून आले की मी तिला म्हणते, बाई गं, तुझी पण रात्रपाळीच."

बादलीतून बाहेर बघणाऱ्या माणसाला बाईच्या डोळ्यांतलं पाणी दिसत नसतं, आणि त्या वेळी माझ्या डोक्यावर बादली नव्हती. मला मनापासून वाईट वाटलं. भांडं ठेवायला जागा करावी म्हणून मी टेबलावरचे फोटो गोळा करू लागलो, तर लितियानं माझा हात धरला.

"अहो, ही काय! ही बसलीय की!"

"कोण?"

"टिटवी! ह्या फोटोत. ह्यात पण. अहो, सगळ्यांत!"

मी भिंग आणलं. फूटपट्टीच्या मागं, गवताच्या काड्यांत, पिवळं तोंड. पहिल्या शनिवारी, दुसऱ्या शनिवारी, प्रत्येक शनिवारी. जागा तीच, कोन तोच, आणि बया माझ्याकडे रोखून बघतेय. मी आपला सेंटिमीटर वाचण्यात दंग! आणि हा सगळा पुरावा मर्व्हनं स्वतःच्या हातानं कौन्सिलला दिला होता. मी लितियाला मिठी मारणार होतो, पण ग्लेनिस चष्म्यावरून बघत होती.

मंगळवारी सकाळी मी बादली घालून, फोटो काखेत मारून फाटकाशी उभा राहिलो. कौन्सिलचे पॅस्को साहेब आले. कोवळा पोरगा, हातात कागद. मागं गवत कापायचं भलंमोठं मशीन. मर्व्ह इस्त्रीचा शर्ट घालून आला, ग्लेनिस पुस्तिका घेऊन आली. म्हातारी कुत्र्यासकट आली. लितिया दारात उभी.

"बाजूला व्हा, साहेब," मशीनवाला म्हणाला.

"नाही होणार," मी म्हणालो. आवाज बादलीत असा घुमला की मलाच माझा धाक वाटला. "पॅस्को साहेब, तक्रारीतले फोटो काढा. फूटपट्टीचा आकडा बघितलात. आता पट्टीच्या मागं बघा."

त्यानं बघितलं. कागद नाकाशी नेला. दुसरा काढला, तिसरा काढला. "अरेच्चा," तो म्हणाला, "ही तर..."

"ही तर! कायदा मलाही कळतो. मोजायला मी तुमच्या जन्माआधीपासून शिकलोय."

"उगाच काहीतरी!" मर्व्ह तडकला. "कुठली अंडी आणि कुठलं काय! थांबा, मीच दाखवतो." आणि तो इस्त्रीच्या शर्टासकट फाटकातून आत घुसला.

अंडी नव्हतीच. बरोबर होतं त्याचं. अंडी पहाटेच फुटली होती. गवतातून कापसाच्या बोंडाएवढी पिल्लं लटपटत बाहेर आली आणि पिल्लं झालेल्या टिटवीपुढं अंड्यांवरची टिटवी म्हणजे गरीब गाय. आई एकीकडून, बाप दुसरीकडून. मर्व्हची किंकाळी टिटवीपेक्षा वरच्या पट्टीतली होती. पॅस्को कागद छातीशी धरून पळाला. मशीनवाल्यानं मशीनखाली बस्तान मांडलं. ग्लेनिस पुस्तिका डोक्यावर धरून ओरडली, "क्लाइव्ह!"

"आत या! सगळे आत या!" लितियानं दार सताड उघडलं आणि मर्व्ह, पॅस्को, ग्लेनिस, म्हातारी, कुत्रा, सगळे धडाधड आत.

मी एकटा अंगणात. पक्षी बादलीवर टणाटण आदळत होते.

"अरे आत ये ना!" ग्लेनिस ओरडली.

"सात दिवसांची नोटीस दिलेली नाही!" मी ओरडलो. तत्त्व म्हणजे तत्त्व.

"मी बोलावतेय ना, अंकल! या आत!" लितिया म्हणाली. आमंत्रण असेल तर कायदा काही म्हणत नाही. मी गेलो.

आत गेलो आणि बादली काढली. आईचं घर. गालिचा इतका स्वच्छ की मोजे घालूनसुद्धा चालायचा धीर होईना. खिडक्यांच्या काचा आहेत की नाहीत ते कळेना. आईच्या लिंबांचं लोणचं बरण्यांत भरून ओळीनं ठेवलेलं. मर्व्ह भिंतीला टेकून धापा टाकत होता, शर्टाची इस्त्री गेली होती.

ग्लेनिसनं सगळीकडे नजर फिरवली. मग ती सरळ स्वयंपाकघरात गेली. तिनं ओव्हन उघडला, वाकली, आत बोट फिरवलं, ते बोट उजेडात धरलं. आणि मग मर्व्हकडे वळून म्हणाली, "मर्व्ह, तूच म्हणाला होतास ना, भाडेकरू कसा आहे ते ओव्हन सांगतं म्हणून? हा बघ. माझा ओव्हन इतका स्वच्छ लग्नाच्या दिवशीसुद्धा नव्हता. घर विकायचं नाही!"

लितियानं माझ्या बायकोला जी मिठी मारली तिच्यात ग्लेनिस काही वेळ दिसेनाशी झाली. मी डोळे पुसले. टिटवीदेखील समुद्र आटविते म्हणतात; आमच्या टिटवीनं कौन्सिलचं मशीन परतवलं आणि माझ्या आईचं घर राखलं. पॅस्कोनं तिथंच ओव्हनवर कागद ठेवून लिहिलं, पिल्लं उडेपर्यंत गवताला कुणी हात लावू नये. म्हातारी मला म्हणाली, "सापडला ना? मी म्हटलं नव्हतं?"

ग्लेनिसला देश दाखवायला कॅरॅव्हॅन आम्ही भाड्यानं घेतली. परत करताना मालकानं आतल्या चुलीचा फोटो काढला, तेव्हा मला फार भरून आलं.

पण खरी मजा तर पुढंच आहे. टिटवीच्या पिल्लांना उंच गवतात किडे वेचता येत नाहीत. त्यांना हवं आखूड, मऊ, कडा सारख्या केलेलं लॉन. दोनच दिवसांत आईबापांनी पिल्लं फळ्यांखालून काढली आणि अख्खं बिऱ्हाड मर्व्हकडे हलवलं. मर्व्हनं कौन्सिलला फोन केला. पॅस्को साहेब जातीनं आले, पिल्लं बघितली आणि तोच हुकूम त्यालाही वाचून दाखवला. मर्व्ह खिडकीत बसून आपलं लॉन वाढताना बघतो. लितिया त्याला कुंपणावरून लोणचं देते, मोठ्या मनाची बाई.

मी मात्र दर शनिवारी जातो. फूटपाथ सर्वांचा आहे. पितळी पट्टी मर्व्हच्या फळ्यांतून घालतो, गवतात खोचतो, फोटो काढतो. काल तर गवत पट्टीच्याही वर गेलं. मर्व्ह खिडकीतून बघत होता, डोक्यावर बादली. मी पट्टी पुसली, खिशात ठेवली आणि छाती भरून हाक मारली, "मर्व्ह! विकून टाक, लेका!"